कोडशेजारचे कारण

संगणक कामाला लागल्यापासून बंद होईपर्यंत जो प्रोग्राम अखंड चालू असतो आणि ज्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला मेमरी, डिस्क किंवा पडदा यांना हात लावता येत नाही, त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आणि कर्नल जागा होण्यापूर्वी यंत्राला जाग आणणारा, किंवा नेटवर्क कार्डापासून कारखान्यातील नियंत्रकापर्यंत कोणत्याही उपकरणाच्या चिपमध्येच मुक्कामाला असलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. हे दोन्ही प्रोग्राम बहुधा त्यांना लिहिणाऱ्या माणसांच्या नोकरीपेक्षा, कधी कधी त्यांच्या आयुष्यापेक्षाही, जास्त काळ टिकतात. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी पहिल्यांदा खुला केलेला लिनक्स कर्नल सुमारे दहा हजार ओळींचा होता, आज तो तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे, आणि त्यातील प्रत्येक ओळ केव्हा तरी अशा माणसाला वाचावी लागते ज्याची मूळ लेखकाशी कधीच भेट होणार नाही. म्हणून या क्षेत्रात कोड कसा लिहावा, टिपा कशा द्याव्यात, बदलाची नोंद कशी ठेवावी याचे काटेकोर लेखनसंकेत तयार झाले. या संकेतांकडे बहुतेक वेळा शिष्टाचार म्हणून किंवा हस्ताक्षराच्या वळणासारखी गोष्ट म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांचा गाभा एकच आहे: एखादा निर्णय का घेतला हे त्या निर्णयाच्या शेजारी लिहून ठेवणे. उरलेल्या सर्व संकेतांची किंमत ते या एका कामाला किती उपयोगी पडतात यावरून ठरवली पाहिजे.

कारण न लिहिण्याची किंमत किती मोठी असू शकते हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेल्या एरियन ५ या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात दिसले. उड्डाणक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे चाळीस सेकंदांत, जवळपास ३७०० मीटर उंचीवर, तो मार्ग सोडून वळला आणि फुटला. त्याची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेतील सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून जसेच्या तसे घेतलेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात उतरवली जात असे, आणि १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. नवा अग्निबाण जुन्यापेक्षा लवकर वेग घेणारा असल्यामुळे संख्या मावली नाही, मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच चुकीने एकापाठोपाठ एक बंद पडल्या. वस्तुतः या रूपांतराचा धोका मूळ अभियंत्यांना ठाऊक होता. अशा सात चलांपैकी चारांना त्यांनी संरक्षण दिले होते, आणि प्रोसेसरवरचा भार ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून उरलेली तीन, त्यांची मूल्ये मर्यादेबाहेर जाणार नाहीत असा विचार करून, मोकळी सोडली होती. एरियन ४ च्या बाबतीत तो विचार बरोबरही होता. गणितज्ञ झाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जे नोंदवले ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे: या निर्णयाचे समर्थन प्रत्यक्ष सोर्स कोडमध्ये कुठेही आढळले नाही, आणि प्रकल्पाच्या प्रचंड कागदपत्रांत ते कोणी मुद्दाम न लपवताही झाकून गेले होते. कागदपत्रांची उणीव तिथे नव्हती. ज्या ओळीपाशी नव्या अभियंत्याची नजर थांबली असती, त्या ओळीपाशी मात्र हे चल एवढ्या वेगाच्या आत सुरक्षित आहे, असे सांगणारे एकही वाक्य नव्हते.

या कसोटीवर लिनक्स कर्नलचे प्रसिद्ध लेखनसंकेत तपासले तर त्यांतला बराच भाग दुय्यम ठरतो. ओळीचे समास आठ अक्षरांच्या टॅबने सोडावेत, तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावे लागत असेल तर फंक्शनच नव्याने मांडावे, महिरपी कंस केर्निगन आणि रिची यांच्या पद्धतीने द्यावेत, नावे लहान अक्षरांत आणि अधोरेषेने जोडलेली असावीत, असे नियम त्यात आहेत. ओळ ऐंशी अक्षरांची असावी हा जुन्या पडद्यांच्या काळातला दंडक होता, आणि २०२० मध्ये नियम तपासणाऱ्या चेकपॅच या साधनाने ती मर्यादा शंभरावर नेली. याउलट बहुतेक आधुनिक संगणकांच्या युईएफआय फर्मवेअरचा पाया असलेल्या ईडीके-दोन या प्रकल्पात दोन अक्षरांचा समास, प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे असलेली नावे आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले प्रकार चालतात, म्हणजे कर्नलमध्ये ज्याला नाक मुरडले जाईल तेच तिथे शुद्ध मानले जाते. दोन्हीकडे काम चालते, यावरून नियम कोणता आहे यापेक्षा सर्वांचा एकच आहे हे महत्त्वाचे, असे म्हणता येते. कारण मांडणी सारखी असली की दोन आवृत्त्यांची तुलना करताना केवळ अर्थाचा फरक डोळ्यांत भरतो आणि मोकळ्या जागांचा गोंगाट मध्ये येत नाही.

तरीही मांडणीला कमी लेखून चालत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक चूक उघडकीस आली. तिथे 'गोटू फेल' ही आज्ञा चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. वरच्या 'इफ'ला महिरपी कंस नसल्यामुळे दुसरी आज्ञा अटीच्या बाहेर पडून नेहमीच अमलात येत होती, आणि स्वाक्षरीची शेवटची पडताळणी न होताच जोडणी वैध ठरत होती. समास मात्र ती ओळ अटीच्या आत असल्याचे डोळ्यांना सांगत होता. एकाच आज्ञेभोवती विनाकारण कंस देऊ नयेत असे लिनक्सचा संकेतही सांगतो, म्हणून या घटनेनंतर तो संकेत बदलायला हवा होता असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग जीसीसी या कंपायलरने घेतला: २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून समास आणि अर्थ यांत फारकत दिसली की तो इशारा देऊ लागला. जे काम यंत्र निमूटपणे करू शकते ते माणसाच्या सावधपणावर सोपवू नये, म्हणजे माणसाचा सावधपणा जिथे यंत्र पोचत नाही तिथे खर्च करता येतो.

यंत्र जिथे पोचत नाही ती जागा म्हणजे टीप, ज्याला प्रोग्रामर कॉमेंट म्हणतात. कर्नलच्या संकेतपुस्तिकेत टिपांविषयी म्हटले आहे की कोड काय करतो ते सांगावे, कसे करतो ते सांगू नये, कारण कसे हे कोडवरूनच कळले पाहिजे. हे मत अर्धेच बरोबर आहे. 'काय' आणि 'कसे' यांच्या पलीकडे 'का' हा तिसरा प्रश्न आहे, आणि तो मूळ पुस्तिकेत जेवढ्या ठळकपणे यायला हवा होता तेवढा आलेला नाही. कर्नल-समाजाने ही उणीव पुढे दुसऱ्या ठिकाणी भरून काढली. बदल पाठवण्यापूर्वी तपासावयाच्या गोष्टींच्या यादीत एक नियम असा आहे की प्रत्येक मेमरी बॅरिअरशेजारी ती काय करते आणि का, याचे तर्कशास्त्र सांगणारी टीप असलीच पाहिजे. ती नसेल तर चेकपॅच इशारा देतो.

हा नियम बॅरिअरसाठीच का, हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा प्रोसेसरच्या एका कोअरने एखादी माहिती मेमरीत लिहिली आणि मग ती तयार असल्याची खूण म्हणून दुसऱ्या एका चलात एक हा आकडा ठेवला. दुसरा कोअर तो आकडा पाहतो आणि माहिती उचलतो. कागदावर हा क्रम निर्दोष आहे. परंतु आधुनिक प्रोसेसर आणि कंपायलर वेग वाढवण्यासाठी असंबद्ध दिसणाऱ्या आज्ञांचा क्रम बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कोअरला खूण आधी आणि माहिती नंतर दिसण्याची शक्यता उरते. हे टाळण्यासाठी लिहिणाऱ्याच्या बाजूला दोन लेखनांच्या मध्ये आणि वाचणाऱ्याच्या बाजूला दोन वाचनांच्या मध्ये एकेक बॅरिअर, म्हणजे क्रम ओलांडू न देणारी आज्ञा, ठेवावी लागते. कोडमध्ये ती जेमतेम एका शब्दाची ओळ असते. ती काढून टाकली तरी प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, चाचण्यांतही उत्तीर्ण होतो, आणि एखाद्या वेगळ्या प्रोसेसरवर, भर गर्दीच्या वेळी, लाखात एकदा बिघडतो. शिवाय तिची जोडीदार ओळ दुसऱ्याच फंक्शनमध्ये, पुष्कळदा दुसऱ्याच फाइलमध्ये, असते. ही बॅरिअर कोणत्या दोन लेखनांचा क्रम राखते आणि तिची जोडी कुठे आहे, एवढे दोन ओळींत लिहिलेले नसेल तर पुढच्या माणसापुढे दोनच मार्ग राहतात: भीतीपोटी तिला कधीच हात न लावणे, किंवा निरुपयोगी समजून ती पुसून टाकणे. चांगला कोड स्वतःच बोलतो, त्याला टिपांची गरज नसते, हा आवडता युक्तिवाद इथे संपतो. कोड फार तर स्वतः काय करतो ते बोलू शकतो. तो नसता तर काय झाले असते, हे त्याला कधीच बोलता येत नाही.

दस्तऐवजीकरणाच्या कर्नल-डॉक या पद्धतीतही हीच जाणीव दिसते. फंक्शनच्या डोक्यावरच एका ठरावीक आकाराची टीप लिहायची, तीत फंक्शनचे नाव, एका ओळीत त्याचे काम, प्रत्येक आदानाचा अर्थ, परत मिळणारे मूल्य आणि संदर्भ, म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत वापरता येते, हे भाग ठेवायचे, आणि त्यांवरून पुस्तकाची पाने यंत्राने तयार करायची, अशी ही पद्धत आहे. २०१६ पासून ती पाने स्फिंक्स या साधनाने बांधली जातात. यांतला संदर्भ हा भाग सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा आहे. मेमरी मागणारे केमॅलॉक हे फंक्शन जीएफपी-कर्नल या खुणेने हाक मारली तर मेमरी मोकळी होईपर्यंत झोपू शकते, आणि जीएफपी-ॲटॉमिक या खुणेने हाक मारली तर झोपत नाही, पण रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता वाढते. उपकरणाने मध्येच दिलेल्या हाकेला, म्हणजे इंटरप्टला, उत्तर देताना झोपण्याची मुळीच मुभा नसते. एखादे फंक्शन आतल्या आत कुठे तरी झोपणाऱ्या मार्गाने जात असेल, तर ते नुसत्या नावावरून आणि आदानांवरून कळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत रस्ट भाषेला कर्नलमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा तिथे याहून पुढचे पाऊल टाकले गेले: भाषेची सुरक्षा-हमी बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या वर तो तरीही सुरक्षित का आहे, हे 'सेफ्टी' अशा मथळ्याखाली लिहावे, असा संकेत घातला गेला. टीप आहे की नाही एवढे यंत्र पाहू शकते. ती खरी आहे की नाही हे वाचणारा दुसरा माणूसच ठरवू शकतो, आणि म्हणून कर्नलमध्ये परीक्षणाला पर्याय नाही.

टीप सद्यःस्थिती सांगते. स्थिती कशी बदलत गेली याचा इतिहास कमिट-संदेशात असतो. एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट हे साधन लिहिल्यापासून कर्नलमधील प्रत्येक बदलासोबत एक संदेश कायमचा जोडला जातो, आणि तो कसा असावा याचे संकेत मांडणीच्या संकेतांपेक्षा कितीतरी कडक आहेत. आधी अडचण सांगायची, ती वापरकर्त्याला कशी जाणवते ते सांगायचे, मग उपाय, आणि हा बदल आधीच्या कोणत्या बदलाने निर्माण केलेला दोष दूर करत असेल तर 'फिक्सेस' या शब्दापुढे त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे द्यायची. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' या ओळीत बदल पाठवणाऱ्याचे नाव येते. ही ओळ २००४ मध्ये रूढ झाली, कारण आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड शिरल्याचा दावा करून खटला भरला होता, आणि कोणता कोड कोणाकडून कोणत्या हक्काने आला हे दाखवता येण्याची गरज सर्वांना पटली होती.

मराठी परंपरेत या शिस्तीचे एक मोठे उदाहरण आहे. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्या प्रतीच्या शेवटी आपण काय केले ते नोंदवले. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराच्या ओघात त्यात अपपाठ शिरले, ते शोधून दूर केले, असे कारण त्यांनी दिले; वर्ष दिले; आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घुसवू नये, अशी कडक ताकीदही दिली. मूळ स्थिती, दोषाचा उगम, केलेली दुरुस्ती, काळ, करणाऱ्याचे नाव आणि पुढच्यांसाठी नियम, एवढे सगळे त्या थोड्या ओव्यांत आहे. त्यांनी ग्रंथ नुसता शुद्ध करून सोडून दिला असता, तर पुढच्या अभ्यासकाला तो आणखी एक पाठभेद वाटला असता. कारण सांगितल्यामुळे ती संपादित प्रत ठरली. आज एखादा विद्यार्थी 'बग दुरुस्त केला' एवढ्या तीन शब्दांचा संदेश लिहून बदल सादर करतो, तेव्हा तो आपल्याच भाषेत चार शतकांपूर्वी घालून दिलेल्या पायरीच्या खाली उतरत असतो.

फर्मवेअरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तिथे कारण बहुधा कोडच्या बाहेर, लोखंडात आणि सिलिकॉनमध्ये असते. अमुक पत्त्यावरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नियंत्रक कप्प्यात, अमुक आकडा लिहा, मग दहा मिलिसेकंद थांबा, मग तोच आकडा पुन्हा लिहा, अशा तीन ओळी फर्मवेअरमध्ये जागोजागी आढळतात. दहाच मिलिसेकंद का, ते चिपच्या माहितीपत्रकातून आले की प्रयोगशाळेत चाचपडताना सापडले, पुन्हा लिहिणे हे चिपच्या एखाद्या ज्ञात दोषावरचा उपाय आहे की कोणाचा हात चुकून दोनदा फिरला, हे लिहिलेले नसेल तर त्या ओळी अस्पृश्य होतात आणि एका उत्पादनातून दुसऱ्यात तशाच वाहत जातात. माहितीपत्रकच पुष्कळदा गोपनीयतेच्या कराराखाली असते, त्यामुळे कारण लिहिण्याची इच्छा असूनही लेखणी अडते. ही अडचण खरी आहे. पण दोषाचा क्रमांक आणि माहितीपत्रकाचे कलम एवढा उल्लेख करण्यापासून फारसे कोणी अडवत नाही, आणि तेवढ्यानेही पुढच्या माणसाची दिशा ठरते. ज्याचा कोडच मिळत नाही अशा फर्मवेअरच्या बंद फाइलींसाठीसुद्धा लिनक्सच्या फर्मवेअर-संग्रहात 'व्हेन्स' नावाची एक नोंदवही ठेवलेली आहे, आणि प्रत्येक फाइल कोणत्या ड्रायव्हरसाठी आहे व कोणत्या परवान्याखाली आली हे तीत लिहावे लागते. डिव्हाइस ट्री या पद्धतीत तर यंत्रावर काय काय जोडलेले आहे याचे वर्णन कोडमधून काढून वेगळ्या फाइलीत ठेवतात, आणि हे वर्णन हार्डवेअरचे असावे, एखाद्या ड्रायव्हरच्या सोयीचे नसावे, असा आग्रह धरतात. ड्रायव्हर बदलतो, पण सर्किट बोर्ड कारखान्यातून बाहेर पडला की तो बदलत नाही.

कारखान्याचा उल्लेख आला की छत्तीसगडमधील भिलाईचा विचार ओघानेच येतो. रुआबांधा हा तेथील पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा एक सेक्टर. ही वसाहत ज्या कारखान्याभोवती उभी राहिली त्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आराखडे आणि तज्ज्ञ दोन्ही सोव्हिएत होते. तज्ज्ञ यथावकाश मायदेशी परतले, भट्ट्या मात्र इथेच राहिल्या, आणि ज्या देशाशी करार झाला होता तो देशही १९९१ मध्ये नकाशावरून गेला. एवढ्या दीर्घायुषी उद्योगात यंत्र बनवणाऱ्याला विचारून येऊ, हा पर्याय कायमचा गृहीत धरता येत नाही. पुढच्या काळात अशा उद्योगांत रिलेच्या जागी प्रोग्राम करता येणारे नियंत्रक आले, आणि त्यांच्या पोटातले फर्मवेअर व वरचा नियंत्रण-प्रोग्राम हेही त्या भट्ट्यांसारखेच वारसा म्हणून पुढच्या पिढीच्या हाती पडू लागले. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला पाळी बदलताना लिहायच्या नोंदवहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. कोडमधील टीप ही त्याच जातीची नोंद आहे, एवढेच सांगावे लागते.

रुआबांध्यासारख्या ठिकाणाचा या प्रश्नाशी आणखी एक, अधिक महत्त्वाचा संबंध आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी भिलाई आज दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे आपल्या परिसरात उभी आहे, आणि दुर्ग-भिलाई परिसरातून, तेथील मराठी घरांतूनही, दरवर्षी अनेक मुले संगणकशास्त्राकडे वळतात. कर्नलचे जाणते अभियंते मात्र जगातील मोजक्या शहरांत आणि मोजक्या कंपन्यांत एकवटलेले असतात. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला 'असे का केले' हे चहा पिताना विचारता येते. भिलाईतल्या विद्यार्थ्याला ती सोय नाही, त्याच्यापाशी फक्त लिहिलेले आहे. म्हणून जिथे कारणे बोलण्यातच राहतात तिथे ज्ञान शहराच्या आणि कंपनीच्या भिंतींत अडकते, आणि जिथे ती लिहिली जातात तिथे दूरचा अनोळखी वाचक बरोबरीच्या हक्काने आत येऊ शकतो. दस्तऐवजीकरण हा समतेचा प्रश्न आहे, हे विधान इथे अक्षरशः खरे ठरते.

याचा दाखला कर्नलच्या इतिहासातच आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळींच्या क्रमाने भाष्य लिहिले. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवण्यावर बंदी आणली, तेव्हा हे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने जगभर हातोहात फिरत राहिले आणि रीतसर पुस्तक म्हणून थेट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. युनिक्स जिथे जन्मले ती बेल प्रयोगशाळा ज्यांनी कधी पाहिली नाही अशा पिढ्या त्यावर घडल्या. त्याच कोडमध्ये, एक प्रोग्राम थांबवून दुसरा सुरू करणाऱ्या भागात, वाचकाला हे समजणे अपेक्षित नाही अशा आशयाची एक टीप होती, आणि ती इतकी गाजली की लोक ती कपड्यांवर छापून मिरवू लागले. युनिक्सच्या लेखकांपैकी एक असलेले डेनिस रिची यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले की तिचा रोख परीक्षेत हे विचारले जाणार नाही, असा होता, आणि खरी अडचण अशी होती की तिथे नेमके काय घडते हे लेखकांनाही पुरते कळलेले नव्हते. तो भाग पीडीपी-११ या यंत्राच्या खास वागण्यावर टेकलेला होता आणि पुढे तो बदलावा लागला. ज्याचे कारण लिहिता येत नाही ते पुष्कळदा लेखकालाच समजलेले नसते, एवढी जाणीव कोणत्याही प्रोग्रामरला त्या एका टिपेतून व्हावी. लायन्स यांच्याच धर्तीवर एमआयटीने २००६ मध्ये एक्सव्ही-सिक्स हा लहान कर्नल भाष्यपुस्तकासह तयार केला. आयआयटी मुंबईसह भारतातील अनेक संस्थांत तो आज शिकवला जातो, म्हणजे वाचण्यायोग्य कर्नल विद्यार्थ्यांपर्यंत पोचला आहे.

वाचण्याची सोय झाली, लिहिण्याची सवय मात्र लागलेली नाही. आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत दस्तऐवजीकरण म्हणजे शेवटच्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तयार होणारा, गाईडची सही आणि प्रमाणपत्र जोडलेला, बांधीव प्रोजेक्ट रिपोर्ट. तो कोडपासून वेगळा असतो, काम संपल्यावर लिहिलेला असतो, आणि तोंडी परीक्षेनंतर कपाटात जातो. म्हणजे एरियनच्या कागदपत्रांत जो दोष होता तोच इथे शिस्त म्हणून शिकवला जातो. कारण सुचते तेव्हाच लिहावे लागते. सहा महिन्यांनी लिहिलेले कारण हे बहुधा कारण नसते, आठवणीवर चढवलेले समर्थन असते.

भाषेचा प्रश्नही टाळता येत नाही. कर्नलच्या दस्तऐवजांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरांसाठी स्वतंत्र जागा आहे, मराठीसाठी किंवा हिंदीसाठी नाही. कोडमधील टिपा इंग्रजीतच राहाव्यात हे मान्य करावे लागते, कारण त्या वाचणारे सगळे एका भाषेत भेटले नाहीत तर परीक्षण थांबेल. पण बदल कसा पाठवावा, कमिट-संदेश कसा लिहावा, बॅरिअर म्हणजे काय, हे समजावून सांगणारे प्रवेशग्रंथ मराठीत असू नयेत याला काही आधार नाही. भाषांतराची खरी अडचण शब्दांची नसते. मूळ मजकूर पुढे सरकतो आणि भाषांतर मागे राहते, ही असते. म्हणून कर्नलमध्ये भाषांतर मूळच्या कोणत्या कमिटवरून केले ते नोंदवून, त्यानंतर मूळ किती बदलले हे तपासणारे साधन ठेवले आहे. मराठीत हे काम कोणी हाती घेतले तर पहिल्या पानापासून ही नोंद ठेवावी, अन्यथा दोन वर्षांत ते वाचकाची दिशाभूल करू लागेल.

या सगळ्या आग्रहावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो जुन्या प्रोग्रामरांचाच आहे: कोड बदलतो, टीप बदलायची राहून जाते, आणि खोटी टीप ही नसलेल्या टिपेपेक्षा घातक असते. हे खरे आहे, पण हे घडते ते प्रामुख्याने कोडच्याच शब्दांची पुनरुक्ती करणाऱ्या टिपांबाबत. कारण सांगणारी टीप कमी वेळा खोटी पडते, आणि जेव्हा पडते तेव्हा तेच मोठे वृत्त असते, कारण ज्या गृहीतकावर कोड उभा होता ते ढासळले असल्याचे ती दाखवून देते. हल्ली टिपा यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे, आणि अशा टिपा सफाईदार असतात. परंतु यंत्राला दिसतो तो कोड, आणि कारण तर कोडच्या बाहेर घडलेले असते: एखाद्या बोर्डाच्या तुटलेल्या पायात, एखाद्या ग्राहकाच्या तक्रारीत, अयशस्वी ठरलेल्या आधीच्या दोन प्रयत्नांत. ते ज्याने पाहिले त्यालाच लिहिता येते. दुसरा आक्षेप असा की हे संकेत नवशिक्याला दाराबाहेर ठेवतात. रिकाम्या जागांवरून बदल परत पाठवला गेला की तसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि चेकपॅचच्या इशाऱ्यापेक्षा माणसाचा विवेक मोठा, असे कर्नलचे दस्तऐवज स्वतः सांगत असतानाही काही परीक्षक त्या इशाऱ्यांना कायदा समजतात, ही तक्रार रास्त आहे. तिथे सैलपणा यावा. कारण मागण्यात मात्र सैलपणा येऊ नये, कारण तेच मागणे नवशिक्याला विचार मांडायला लावते आणि पुढे येणाऱ्या नवशिक्याची वाट मोकळी करते.

यासाठी महाविद्यालयांना नवा अभ्यासक्रम किंवा नवी यंत्रे लागत नाहीत. प्रकल्पाच्या गुणांतील बांधीव रिपोर्टचा वाटा कमी करून तो गिटमधील नोंदींच्या इतिहासाला द्यावा. परीक्षकाने कोडमधील कोणतीही एक न कळणारी ओळ निवडावी, तिचा उगम शोधावा आणि तिच्या संदेशात कारण सापडते का ते पाहावे. आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागच्या तुकडीचाच प्रकल्प, त्या तुकडीतील कोणालाही न विचारता, पुढे न्यायला द्यावा. कुटेलाभाट्याच्या प्रयोगशाळेत हे जितके सहज करता येईल तितकेच ते पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरातही करता येईल.